नकलेचे तिकीट

आमच्या फ्रिजवर गेल्या महिन्यापासून एक कागद चिकटविलेला आहे. गावातील मंडळाने मुंबईहून एका गायकास बोलावून "रफी संध्या" करावयाचे योजिले आहे, आणि दर कुटुंबाने आगाऊ २०० शेकेल द्यावेत, ते पुढे तिकिटात वळते करून घेऊ, अशी त्यात विनंती आहे. हा कागद घरोघरी गेल्यापासून आमचा फोन थांबलेला नाही. "सिस्टर, मागच्या वेळी तुम्ही गेला होतात ना? पैसे देण्यासारखे असते का हो ते?" पस्तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात काढल्यामुळे लोक आम्हांला अजून सिस्टरच म्हणतात, आणि डॉक्टरने दिलेली गोळी घ्यावी की न घ्यावी हे जसे हळूच विचारीत, तसेच आता हेही विचारतात. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावे असे ठरविले. कारण उत्तर एका शब्दाचे नाही. एकदा ते आम्ही एका शब्दात दिले, तर जुन्या शेजारणीने आमच्याशी तीन महिने अबोला धरला. ती हकीकत पुढे येईलच.

गायक वारला किंवा गायचा थांबला म्हणजे त्याची गाणी दुसऱ्याने हुबेहूब गावयाची आणि त्याला तिकीट लावावयाचे, हा उद्योग काही आपल्या लोकांनी काढलेला नाही. इंग्रजीत अशा मंडळींना ट्रिब्यूट बँड म्हणतात. ट्रिब्यूट म्हणजे आदरांजली. आता आदरांजलीच्या सभेला दारावर पैसे घेतलेले आम्ही तरी पाहिले नव्हते, पण ते असो. इंग्लंडात १९८० साली "बूटलेग बीटल्स" नावाची मंडळी निघाली. ऑस्ट्रेलियात १९८८ या एकाच वर्षी मेलबर्नला ॲबाची नक्कल करणारी "ब्यॉर्न अगेन" आणि ॲडलेडला पिंक फ्लॉइडची गाणी वाजविणारी मंडळी उभी राहिली. ऑस्ट्रेलियातच हे पीक का यावे, याचे कारण सरळ आहे. तो देश पडला जगाच्या टोकाला. ॲबाचा तेथे दौरा झाला तो १९७७ साली, एकदाच, आणि १९८२ नंतर ॲबाने एकत्र गाणेच सोडले. ज्यांच्या गावी अस्सल माल कधी पोचत नाही, तेथे नकली मालाला गिऱ्हाईक मिळावयाचेच. तरी नकली म्हणून हिणवताना जरा जपून. त्या पिंक फ्लॉइडवाल्या नकलाकारांना खुद्द पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने १९९६ साली आपल्या पन्नाशीच्या समारंभात वाजविण्यास बोलाविले होते.

आपल्या इस्राएलचीही एके काळी तीच गत होती. साठच्या दशकाच्या मध्यावर बीटल्सचा येथील कार्यक्रम ठरत आला होता, पण सरकारी समितीने परवानगी दिली नाही. येथील तरुण बिघडतील अशी धास्ती! त्याबद्दल दिलगिरीचे पत्र गेले ते २००८ साली, आणि त्या वर्षी २५ सप्टेंबरला तेल अवीवच्या यार्कोन पार्कमध्ये पॉल मॅकार्टनी एकटा येऊन गायला. तोपर्यंत चारांतले दोघे या जगात नव्हते. आमच्या वॉर्डमधील एक सहकारी नर्स, रुमानियाहून आलेल्या कुटुंबातली, त्या रात्री ड्यूटी बदलून गेली होती. परत आली ती म्हणाली, "पंचवीस वर्षांची असताना ऐकायला हवे होते." तेव्हापासून तिने असा नियमच केला, की ज्यांना ऐकावयाचे राहून गेले त्यांची नक्कल तरी सोडावयाची नाही.

तिनेच २०२३ च्या वसंतात आम्हांला ओढून ॲबाच्या नकलेला नेले. तिकीट २२० शेकेल. आम्ही कुरकुरलो, पण गेलो. कारण ॲबा आम्हांला परके नव्हते. १९७७ साली मुंबईत नर्सिंगच्या होस्टेलवर आमच्या खोलीत दोन गोवेकर मुली होत्या. त्यांच्याकडे एक खरखरणारा टेपरेकॉर्डर होता, आणि रात्रपाळीहून आले की पाय गरम पाण्यात बुडवून त्या ॲबा लावीत. इंग्रजी आम्हांला तेव्हा औषधांच्या नावांपुरतेच येत होते. चाली मात्र पाठ झाल्या.

कार्यक्रम कसा झाला, ते आता सांगतो. पांढरे सॅटिनचे कपडे, उंच टाचांचे बूट, एक सोनेरी टोप आणि एक तांबूस टोप. दोन गाण्यांच्या मध्ये खोटा स्वीडिश हेल काढून विनोद. आमच्या पुढल्या रांगेतील बायका त्यावर इतक्या हसत होत्या की आपल्यालाच विनोद कळेनासा झाला की काय, अशी आम्हांला शंका आली. परंतु खरी गोष्ट निराळीच. तिसऱ्या गाण्यात सोनेरी टोपवाल्या बाईंनी टाळ्या घ्यावयास माइक तोंडापासून दूर नेला, आणि त्यांचा आवाज आपला चालूच! रुग्णाचा श्वास चालू आहे की यंत्र चालू आहे, हे ओळखण्यात आमचे आयुष्य गेले आहे. आम्ही सहकारी बाईला कोपराने ढोसले. ती म्हणाली, "गप्प बैस आणि नाच."

न्यायाने बोलावयाचे तर त्या बाईंची अडचणही खरी होती. ॲबाच्या त्या दोन गायिकांचा जो भरलेला आवाज तबकडीवर ऐकू येतो, तो दोन गळ्यांचा नाहीच. स्टुडिओत तेच बोल त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन एकावर एक थर चढविलेले आहेत. रंगमंचावर दोघीजणी ते कोठून आणणार? म्हणून मागे यंत्र लावले. पण मग आम्ही पैसे कशाचे दिले? टोपांचे? ढोल वाजविणारा तरुण मात्र अस्सल होता, घामाने निथळत होता, आणि पियानोवरच्या गृहस्थांनी एका गाण्याच्या शेवटी स्वतःच्या मनाचे चार सूर घातले तेव्हा त्यांचे त्यांनाच हसू आले. त्या दोघांचे मिळून आम्ही ८० शेकेल धरतो. बाकीचे १४० वाया गेले.

खुद्द ॲबाने लंडनमध्ये काय केले, ते यासाठी पाहण्याजोगे आहे. २७ मे २०२२ रोजी तेथे त्यांचा एक खेळ सुरू झाला. त्यासाठी तीन हजार माणसांचे थिएटर मुद्दाम बांधले. त्यात चौघे जण स्वतः येत नाहीत, त्यांची संगणकावर बनविलेली तरुणपणची चित्रे गातात आणि नाचतात. पाच आठवडे १६० कॅमेऱ्यांपुढे त्या म्हाताऱ्या मंडळींच्या हालचाली टिपून ती चित्रे घडविली. आम्ही तो खेळ पाहिलेला नाही; विमानभाडे धरले तर तेवढ्या पैशांत स्वयंपाकघर रंगवून होईल. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांच्या पदरी एवढे यंत्रबळ, त्यांनीही त्या चित्रांच्या शेजारी जिवंत दहा वादक बसविले आहेत. चेहरा खोटा चालेल, आवाज पेटीतला चालेल, पण सगळेच पेटीतले असेल तर माणसे थिएटरात कशाला येतील, हे ॲबाला कळले.

आणखी एका मंडळींचे नाव घेतो. न्यू यॉर्कमध्ये १९९८ साली काही मुरलेल्या वादकांनी "फॅब फो" नावाचा संच काढला. हे बीटल्सची गाणी वाजवितात, पण टोप घालीत नाहीत, तसले कोट घालीत नाहीत, आपण जॉन किंवा पॉल असल्याचा आव आणीत नाहीत. मग करतात काय? बीटल्सने तिकीट लावून शेवटचा कार्यक्रम केला तो २९ ऑगस्ट १९६६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. त्यानंतरची त्यांची जी मोठी कामे, ती सारी स्टुडिओत बसून केलेली. तंतुवाद्ये, तुताऱ्या, उलटी फिरविलेली टेप, काय वाटेल ते घालून. ती गाणी बीटल्सने स्वतः अशा कार्यक्रमात कधी वाजविलीच नाहीत. ती सगळीच्या सगळी, एकही सूर न गाळता, माणसांनी माणसांपुढे वाजवून दाखवावयाची, हा या संचाचा हट्ट. म्हणजे येथे प्रेक्षकाला अस्सलाची नक्कल मिळत नाही, अस्सलानेही कधी दिले नव्हते ते मिळते. अशा तिकिटाला आम्ही नाही म्हणणार नाही.

आता आपल्या रफीकडे वळू. कारण हिंदी चित्रपटाच्या गाण्याचे अगदी असेच आहे, आणि कागद काढणाऱ्या मंडळाच्या हे लक्षात आलेले दिसत नाही.

आमच्या भायखळ्याच्या खोलीत रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लागली की अमीन सयानींच्या आवाजाबरोबर सगळी चाळ गप्प होई. आम्हा मुलांना गाणारे ठाऊक होते. वाजविणारा एकही ठाऊक नव्हता. तबकडीवर त्यांची नावे नसत. वास्तविक ताडदेवचा फेमस स्टुडिओ आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तेथे पन्नास-साठच्या दशकांत एका हॉलमध्ये व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, बासरी, सतार, ॲकॉर्डियन, ढोलक असे सगळे एकदम बसत आणि गायक एका माइकपुढे उभा राही. एकाचा सूर चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. त्यांतले पुष्कळसे वादक गोव्याचे, चर्चच्या शाळेत विलायती स्वरलिपी शिकलेले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायकाच्या पाठीशी व्हायोलिनांची जी निराळीच चाल वाहत असते, ती लिहून काढणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. त्यांच्याकडेच ढोलकाचा जो झुलता ठेका, तो दत्ताराम यांचा, आणि वादकांत तो दत्ताराम ठेका म्हणूनच ओळखला जातो. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस. त्यांचे नाव १९७७ च्या "अमर अकबर अँथनी"त अमिताभच्या तोंडी आले, तेव्हा सिनेमागृहात हसणाऱ्यांपैकी कितीजणांना कळले असेल, की हा माणूस खरोखरीचा आहे?

सांगावयाचे म्हणजे, ते गाणे पुरते असे त्या हॉलबाहेर कोणी ऐकलेच नाही. रफी स्वतः परदेशी दौऱ्यावर जात तेव्हा बरोबर वादक किती नेणार? थोडकेच. विमानात व्हायोलिनांच्या रांगा कशा बसवावयाच्या? तेव्हा आज जर कोणी आम्हांला सांगितले, की रफीसारखा हुबेहूब आवाज नाही पण वीस वादक बसवून "बैजू बावरा"ची गाणी प्रस्तावनेसकट, मधल्या तुकड्यांसकट वाजवितो, तर आम्ही २०० काय, ३०० शेकेल देऊ, आणि शब्बाथ सुटल्या सुटल्या बस पकडून तेल अवीवला जाऊ.

याची चव आम्हांला एकदाच मिळाली आहे. मुकेश २७ ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना डेट्रॉइटला वारले. त्यानंतर मुंबईत गल्लोगल्ली मुकेशच्या आठवणीचे कार्यक्रम झाले. त्यांतल्या एकाला आम्ही थोरल्या भावाबरोबर गेलो होतो. दोन रुपयांचे तिकीट, मैदानावर लाकडी बाके. गाणारा बँकेत कारकून होता आणि आवाज मुकेशचा म्हणावा तर तसा नव्हता. पण रंगमंचावर पाच व्हायोलिने होती, आणि ॲकॉर्डियनवाल्याने भाता उघडला तेव्हा आम्हांला प्रथम कळले, की रेडिओतून इतकी वर्षे जे ऐकत होतो ते एक माणूस हातांनी करीत असतो. आम्ही सतरा वर्षांच्या होतो. गाणाऱ्याचा चेहरा आज आठवत नाही. ॲकॉर्डियनवाल्याच्या पांढऱ्या बाह्या आठवतात.

तेव्हा २०१८ साली आमच्या गावच्या मतनासमध्ये पहिली रफी संध्या झाली, तिला आम्ही कोणत्या आशेने गेलो असू याची वाचकांना कल्पना येईल. तिकीट १५० शेकेल. पडदा सरकला तो रंगमंचावर एक गायक, एक निवेदिका, एक ऑक्टोपॅडवाला, आणि टेबलावर लॅपटॉप. बस. व्हायोलिने लॅपटॉपात, बासरी लॅपटॉपात, सतार लॅपटॉपात. मागे रफींचे भिंतीएवढे चित्र. गायकाचा गळा चांगला होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. वरच्या पट्टीत तो बिनधोक जात होता आणि उर्दू शब्द स्वच्छ होते. निवेदिका मात्र प्रत्येक गाण्याआधी पाच मिनिटे बोले. निवेदन कसे करावे हे आपल्याच डेव्हिड अब्राहम यांच्याकडून शिकावे. फिल्मफेअरच्या समारंभांत ते दोन वाक्यांत सभा हसवून बाजूला होत. शिवाय आवाज! ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा हिशेब आम्ही शिकलो आहोत. त्या हॉलमध्ये ८५ केव्हाच मागे पडले होते, आणि पुढच्या चार रांगांत कानाला यंत्रे लावलेली सत्तर-ऐंशीची माणसे. अर्ध्या लोकांनी यंत्रे काढून खिशात टाकली. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येते म्हणून आवाज वाढवावयाचा, हा मोठाच गैरसमज आहे. वयाने जातात ते उंच सूर. बाकीचे वाढवून ते काही परत येत नाहीत, नुसता गोंगाट होतो.

पाचव्या गाण्याला लॅपटॉप अडकला. व्हायोलिनांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला, उचकी लागल्यासारखा. गायक थांबला. ऑक्टोपॅडवाला टेबलाकडे धावला. हॉलमध्ये हशा झाला, मग कुजबूज. तेवढ्यात आमच्या मेंदीच्या गाण्यांच्या बायकांपैकी एकीने कपाटातली ढोलकी काढली आणि सरळ रंगमंचावर जाऊन मांडी घातली. गायकाने तिच्याकडे पाहिले, सूर थोडा खाली घेतला आणि नुसत्या ढोलकीवर दोन गाणी म्हटली. माइकही त्याने बाजूला ठेवला होता. एका ठिकाणी तो शब्द विसरला, तर तिसऱ्या रांगेतून तीन जणांनी तो पुरविला. त्या दहा मिनिटांत त्याचा आवाज रफीसारखा वाटत नव्हता. त्याचा स्वतःचाच वाटत होता, थोडा जाड, आणि आम्हांला तोच अधिक आवडला. मग लॅपटॉप सुरू झाला, त्याला टाळ्या पडल्या (लॅपटॉपला!), आणि ढोलकी पुन्हा कपाटात गेली.

घरी जाताना जिन्यात शेजारीणबाईंनी विचारले, "कसे वाटले, सिस्टर?" आम्ही म्हणालो, "पैसे पाण्यात."

हे आम्ही बोलावयास नको होते. बाई आपल्या आईला घेऊन आल्या होत्या. आजी तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या, जन्म रेवदंड्याचा, आणि गेली तीन वर्षे त्यांना माणसे ओळखता येत नव्हती. मुलीलाही त्या "कोण गे तू?" म्हणत. त्या रात्री एका गाण्याची प्रस्तावना सुरू झाली, गायकाने तोंडही उघडले नव्हते, आणि आजींनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. पुढे गाणे सुरू झाले तेव्हा त्यांनी मुलीकडे वळून विचारले, "तुझा बा कुठे आहे? त्याला हे आवडते." बा जाऊन वीस वर्षे झाली होती. पण "तुझा बा" म्हणाल्या, म्हणजे त्या क्षणी मुलगी त्यांना मुलगी म्हणून दिसली होती. आणि अशा माणसाला आम्ही जिन्यात सांगितले, पैसे पाण्यात.

बाई म्हणाल्या, "तुम्हांला ढोलकी हवी होती. माझ्या आईला ते सगळे हवे होते, व्हायोलिनसकट. ती पेटीतून आली की आकाशातून, मला काय करायचे?" आणि दार लावून घेतले.

त्या गोष्टीवर आम्ही पुष्कळ विचार केला. कारण ती आमच्या मताच्या आड येते, आणि आड येणारी गोष्ट दडपली तर परीक्षण लिहिण्यात अर्थ नाही. माणसाच्या तरुणपणी कानी पडलेली गाणी स्मृतीत सर्वांत खोल रुजतात आणि इतर पुष्कळसे पुसले गेल्यावरही टिकतात, हे आम्ही वॉर्डात डोळ्यांनी पाहिले आहे. नाव न सांगता येणारा रुग्ण गाण्याची ओळ पुरी करतो. आजींना ओळख पटली ती गायकाच्या गळ्याने नव्हे, व्हायोलिनांच्या त्या तुकड्याने. म्हणजे तो तुकडा हा गाण्याचा अर्धा जीव आहे, या आमच्या म्हणण्याला पुष्टीच मिळते. पण तो तुकडा लॅपटॉपातून आला होता आणि तरीही काम करून गेला, हेही तितकेच खरे.

मग फुकटात तेच होईल काय? अबोला संपल्यावर, म्हणजे पुरीमच्या करंज्या घेऊन आम्ही स्वतःच त्यांचे दार ठोठावल्यावर, आम्ही दोघींनी ते करूनही पाहिले. खुद्द रफींनी गायलेले तेच गाणे आजींना घरी फोनवर ऐकविले. आवाज अस्सल, एक पैसा खर्च नाही. आजींनी डोळे मिटून शांतपणे ऐकले. ताल धरला नाही. काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. नाही. हॉलमध्ये काय होते जे घरी नव्हते? दोनशे माणसे टाळ्या देत होती, बायकांच्या केसांत गजरे होते, कोणीतरी वडे तळीत होते. त्याचे तिकीट १५० शेकेल का असू नये? बाईंना आम्ही सांगितले, की तुमच्यापुरते आमचे शब्द मागे घेतो. त्या म्हणाल्या, "माझ्यापुरतेच?" आम्ही म्हणालो, "हो, तुमच्यापुरतेच." करंज्या ठेवून घेतल्या.

बाकी पैशांचा हिशेब राहतोच. तिकिटाचे जातात कोठे? येथे अकूम नावाची संस्था आहे, १९३६ पासूनची, ती जाहीर कार्यक्रमातून संगीतकार आणि गीतकार यांच्या हक्काची रक्कम गोळा करते. गायकाच्या नावावर संध्या असली तरी त्या रकमेत त्याला किंवा त्याच्या वारसांना वाटा नसतो. व्हायोलिन वाजविणाऱ्यांना तर नसतोच नसतो. गायकांनाही तबकडीच्या विक्रीत वाटा असावा, असे लताबाईंनी साठच्या दशकात म्हटले, आणि रफींनी उलट म्हटले, की एकदा गाण्याचे पैसे घेतले, आपला संबंध संपला. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायलेही नाहीत. तेव्हा रफींच्या नावे तिकीट विकणाऱ्यावर रफी रागावले नसते, असे आपण समजू. पण मुंबईच्या गायकाचे विमान, हॉटेल, हॉल आणि ते भिंतीएवढे चित्र, यांत गेल्या खेपेस इतके पैसे गेले, की ढोलकीवाल्या बाईंना कोणी तिकिटाचे पैसे परत द्यावेत हेही सुचले नाही. त्या तिकीट काढून आल्या होत्या आणि वाजवूनही गेल्या.

नक्कल करणाऱ्या गायकाला आम्ही कमी लेखतो असे मात्र कोणी समजू नये. शब्बीर कुमार ऑर्केस्ट्रात रफींचीच गाणी गात असत, तेथून १९८३ च्या "कुली"पर्यंत पोचले. सोनू निगमही आधी रफींची गाणी गाऊनच लोकांना माहीत झाला. नकलेत गळा तयार होतो. फक्त शिकाऊ परिचारिकेने टोचले तर आपण तिला मोठ्या डॉक्टरचे पैसे देत नाही, एवढेच.

आणि आपल्यातच काय कमी आहे? १८८० पासून आपल्या लोकांनी मराठीत कीर्तने रचली. ती आज येथे बायका वहीतून वहीत उतरवून गातात, हार्मोनियम आणि ढोलकीवर. पहिल्या कीर्तनकाराचा आवाज कसा होता हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नाही आणि कोणी तो काढावयासही जात नाही. अश्दोद, लोद, डिमोना मिळून मेंडोलिन, हार्मोनियम, तबला वाजविणारे दहा-बारा जण तरी आमच्याच ओळखीचे आहेत, आणि लष्करातून सुटून संगीत शिकणारी आपली नातवंडे आहेत, त्यांना व्हायोलिन येते, फक्त ही गाणी येत नाहीत. गायक मुंबईहून आणावयाचा तर आणा. पण त्याच्या विमानात लॅपटॉप येऊ न देता स्वरलिपीचे कागद येऊ द्या, आणि दोन महिने आधी पाठवा.

हे सगळे आम्ही परवा मंडळाच्या सेक्रेटरींना फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आम्ही विचारले, "वादक किती येणार आहेत?"

"वादक?" ते म्हणाले. "विचारून सांगतो, सिस्टर."

२०० शेकेल आम्ही पाकिटात घालून ठेवले आहेत. पाकीट अद्याप बंद केलेले नाही.